एक ठिकाण, एक घर

आमच्या घरात प्रवासाचा विषय निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष विचारतो, "बघण्यासारखं काय काय आहे?" दुसरा विचारतो, "वाटेत कोण कोण आहे?"

पहिल्या पक्षाचा पुढारी माझा लेक. वय वर्षं एकोणीस, इतिहासाचं नवं नवं वेड, आणि 'नातेवाईक' हा शब्द ऐकला की चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. दुसऱ्या पक्षाची सर्वेसर्वा माझी आई. वय शहात्तर. तिच्या डोक्यातला महाराष्ट्राचा नकाशा शाळेतल्या नकाशापेक्षा फार वेगळा आहे. त्यात वाई म्हणजे ढोल्या गणपती नव्हे, वाई म्हणजे आत्या. सातारा म्हणजे अजिंक्यतारा नव्हे, सातारा म्हणजे चुलतकाका आणि त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन. कोल्हापूर म्हणजे मावशी. "दगडं काय पळून जातायत का? माणसं बघून घ्या आधी," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तर २०२४ च्या डिसेंबरात चार दिवस मोकळे मिळाले. नवऱ्याला रजा नव्हती. म्हटलं, आपण तिघंच निघू, गाडी मी चालवते. मग दोन दिवस दोन्ही पक्षांच्या वाटाघाटी चालल्या. शेवटी तह झाला तो असा: एक ठिकाण, एक घर. एक ठिकाण बघायचं की एका घरी जायचं. घरी जास्तीत जास्त दोन तास. (मुक्काम असेल तर अर्थातच सवलत.) आणि आईने आधी फोन करून सांगायचं की "जेवायला नाही हं, फक्त चहा."

ज्यांना आपल्याकडच्या नातेवाइकांचा अनुभव आहे ते आत्ता गालात हसत असतील. हसा. या वाक्याचा अर्थ 'जेवायला थोडंसंच करा' असा होतो हे मलाही माहीत आहे.

चार ठिकाणं ठरली: मेणवली, लिंबची बारा मोटेची विहीर, कराडचा प्रीतिसंगम आणि खिद्रापूर. घरं ठरली तीन: वाईची आत्या, साताऱ्याचे काका, कोल्हापूरची मावशी. लेकाने लगेच बोट ठेवलं, "आजी, तुझं एक कमी पडतंय. खिद्रापूरच्या वाटणीचं घर कुठाय?"

आई म्हणाली, "असू दे एक कमी."

मी काही बोलले नाही. खिद्रापूरपासून अर्ध्या-पाऊण तासावर कुरुंदवाडच्या बाजूला माझं आजोळ आहे. तिथे माझा मामा राहतो. आईचा सख्खा, पाठचा भाऊ. त्या घराचा उंबरठा आईने सतरा वर्षांत ओलांडलेला नव्हता.

---

सकाळी सहाला पुणं सोडलं. खंबाटकी ओलांडून वाईला पोचेपर्यंत ऊन कोवळंच होतं. आधी मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट. 'स्वदेस' सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना तो घाट बघताक्षणी ओळखू येईल. घाटावरच्या एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. लेक तिच्याभोवती फिरून फिरून फोटो काढत होता. आई मात्र पायरीवर बसून पाण्यात पाय सोडून होती.

"हीच नदी," ती म्हणाली.

"कोणती?"

"आपलीच. आपल्या गावावरनं जाते ती."

कृष्णा वाईला आहे हे मला काय माहीत नव्हतं का? पण आपण कृष्णेच्या काठाकाठाने, माहेराच्या दिशेने चाललोय, हे आईच्या मनात पहिल्याच सकाळी आलं होतं. माझ्या मनात आलं नव्हतं.

आत्याकडे फक्त चहा होता. म्हणजे चहा, त्याच्याआधी पोहे, पोह्यांबरोबर लाडू, आणि चहानंतर "आता एवढं थांबलाच आहात तर" म्हणून पिठलं-भाकरी. (आत्या, हे वाचून लगेच फोन करू नकोस. पिठलं अप्रतिम होतं.) बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच नणंदेकडे आली होती. दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ दार लोटून बसल्या. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि दोघी मोठ्याने हळदीच्या भावाबद्दल बोलत होत्या. निघताना डिकीत पाच किलो हळद चढली. पाच किलो हळद! पुण्यातल्या तीन माणसांच्या घराला ती किती वर्षं पुरेल याचा हिशोब लेकाने गाडीत केला. मी त्याला गप्प बसवलं.

---

साताऱ्याच्या अलीकडे हायवे सोडून लिंबला गेलो. बारा मोटेची विहीर मी आजवर फोटोतच पाहिली होती. विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात आमराईला पाणी द्यायला ती बांधून घेतली. अष्टकोनी, प्रचंड खोल, आणि विहिरीतच चक्क महाल. वर ओळीने मोटांच्या जागा. बारा मोटा एकाच वेळी चालायच्या, म्हणून बारा मोटेची.

लेकाला मोट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मी आपलं शाळेतलं काहीबाही सांगायला लागले, तर आईने मला बाजूला सारलं आणि सुरू झाली. कातड्याची मोट कशी, तिला बांधलेला नाडा कसा, बैल उतारावरून खाली जाऊ लागले की मोट वर कशी येते, त्या उताराला धाव म्हणतात, पाणी थारोळ्यात कसं ओततं आणि तिथून पाटाने उसाला कसं जातं. दोन्ही हात हलवून सांगत होती. तिथे आलेली आणखी एक-दोन कुटुंबंही ऐकायला थांबली. माझा फोटोवेडा लेक फोटो काढायचं विसरून ऐकत होता.

"आणि बैल धावेवरून खाली निघाले की मामा नाड्यावर बसायचा," ती म्हणाली. "एवढंसं होतं ते पोर. मोटकरी बसतात तसं बसायचं. मी काठावरून ओरडायचे, पडशील रे, पडशील रे. तर ते हसायचं नुसतं."

मग एकदम थांबली. "चला. काका वाट बघत असतील."

सतरा वर्षांत मामाचं नाव तिने असं सहज घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. लेकाने माझ्याकडे पाहिलं. मी चावी शोधायचं नाटक केलं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझे आजोबा २००६ साली गेले. कृष्णाकाठची काळी जमीन, ऊस, एक जुनं घर. २००५ ची कायद्याची दुरुस्ती तेव्हा नुकतीच झाली होती. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचाही मुलाइतकाच हक्क, अगदी लग्न झालेल्या मुलीचासुद्धा. मी तेव्हा पस्तिशीच्या आतली, पेपर वाचणारी, आणि कायद्याचं नवं ज्ञान घेऊन फिरणारी. तर २००७ च्या मे महिन्यात मामाचा फोन आला की हक्कसोडपत्रावर सही करायला ये. मी आईबरोबर गेले. कचेरीत सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. आईने एक प्रश्नही विचारला नाही. बाहेर आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आईच्या पिशवीत मामीसाठी साडी होती, मुलांसाठी खाऊ होता. मामा म्हणाला, "लई उशीर झालाय, नंतर गाडी मिळायची न्हाई," आणि आम्हाला जयसिंगपूरच्या स्टँडवर आणून सोडलं.

सही घेतली, आणि घरी न नेता स्टँडवर सोडलं. बस्स. एवढीच गोष्ट आहे. खून नाही, मारामारी नाही. आई त्या साडीची पिशवी मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत बसून होती.

पुढे लग्नामुंजीत मंडपात भेटी झाल्या. "बरं आहे ना?", "बरं आहे." २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा शिरोळ तालुका पाण्यात होता, कोल्हापूरजवळ हायवे कितीतरी दिवस बंद होता, आणि मामाचा फोन चार दिवस लागत नव्हता. ते चार दिवस आई टीव्हीसमोरून हलली नाही. पाचव्या दिवशी एका शाळेतल्या छावणीतून फोन आला, "आक्का, आम्ही बरे हाय." त्यानंतर दिवाळीला, भाऊबिजेला फोन सुरू झाले. पण जाणं नाही.

---

साताऱ्याच्या काकांकडचा मुक्काम, गुडघ्याची सविस्तर कहाणी आणि डिकीत चढलेले कंदी पेढे यांबद्दल पुन्हा केव्हातरी. दुसऱ्या दिवशी कराडला थांबलो. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, आणि समोर तो संगम. नद्या साधारणपणे एकमेकींना बाजूने येऊन मिळतात. इथे कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येतात, आणि मग दोघी मिळून काटकोनात वळून पुढे जातात. दोघींचा उगम महाबळेश्वरचाच. एकाच डोंगरावर जन्म, मग एक इकडून गेली, एक तिकडून, आणि इतकं अंतर तोडून इथे समोरासमोर.

लेकाने हे सगळं आजीला समजावून सांगितलं. आजी म्हणाली, "मला काय सांगतोस? आम्ही शाळेच्या ट्रिपला आलो होतो इथे." आणि शेंगदाणे खात बसली. तिने त्यातून काही अर्थबिर्थ काढला नाही. आईला असले अर्थ काढायची सवय नाही, ती मला आहे. आणि त्या वेळी मीही काढला नाही, कारण मी कोल्हापुरात पार्किंग कुठे मिळेल याची काळजी करत होते.

कोल्हापूरला मावशीकडे दोन रात्री. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर भेळ झाली, लेकाने तांबडा-पांढरा असा हाणला की मावशी धन्य झाली. रात्री आई झोपल्यावर मी आणि मावशी गच्चीवर बसलो होतो. मी नेहमीची टकळी लावली. म्हटलं, "खिद्रापूरला जातोय, पण मामाकडे नाही जाणार. आईचा अपमान केला त्यांनी. कायद्याने तिचा हिस्सा होता, तो सोडला तिने, आणि वर..."

मावशी म्हणाली, "हिस्सा माझाही होता की. माझी सही तिच्या आदल्या आठवड्यात झाली. मला तरी कुठे घरी नेलं? कचेरीबाहेरच्या टपरीवर चहा पाजला आणि लावलं वाटेला."

"मग?"

"मग काय. पुढच्या महिन्यात मी आपली आपण गेले. दादाला चार माणसांत बोलले. म्हटलं, तुला लाज नाही वाटली? तो खाली मान घालून बसला. मग वहिनीने भाकरी टाकल्या, जेवले, आणि आले."

मी हसले. मावशी हसली नाही.

"त्याला वाटलं होतं की घरी नेलं आणि पोरींनी मन बदललं तर? कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. चुकला तो. पण आक्काला जायचंय गं तिकडं. केव्हाची जायचंय."

"मग जात का नाही?"

"तू रागावशील म्हणून."

मंडळी, हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. पण ते खरं आहे. त्या एसटीत, जयसिंगपूर ते पुणे, आई गप्प होती आणि मी बोलत होते. तू सही करायलाच नको होतीस. तुझा हक्क होता. लोक असेच फसवतात. पुढे जेव्हा केव्हा ती म्हणाली की गावाकडे एकदा जाऊन येऊ का, तेव्हा मी हेच पुन्हा पुन्हा सुनावलं. २०१९ च्या पुरानंतर तिने पिशवी भरायला घेतली होती. मी म्हटलं, "जा, पण आता पुन्हा सही द्यायला काही उरलं नाहीये तुझ्याकडे." तिने पिशवी रिकामी केली. मला वाटायचं मी तिची बाजू घेतेय. तिला जमीन नको होती, एक वेळचं जेवण हवं होतं. जमिनीचा राग माझा होता. तो मी तिच्या नावावर चढवला होता, तिला न विचारता, एकही कागद न करता.

माझं कायद्याबद्दलचं मत आजही तेच आहे, हेही स्पष्ट सांगते. बहिणींच्या सह्या गृहीत धरल्या जातात, आणि त्या देणाऱ्या बहिणीला 'चांगली' म्हणतात, हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आत्ताही पटत नाही. पण सही आईची होती. रुसवाही तिचाच होता. तो कधी सोडायचा हे ठरवणारी मी कोण?

मावशी खाली गेल्यावर मी मामांना फोन लावला.

"मामा, उद्या खिद्रापूरला येतोय आम्ही."

बराच वेळ काही आवाज नाही. मग, "आक्का हाय संगं?"

"हो."

"खिद्रापुरास्नं घर किती लांब हाय, ठाऊक हाय की तुला."

"तुम्ही बोलवा ना तिला मामा. तुम्ही फोन करा."

पुन्हा शांतता. मागे कुठेतरी उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "तिच्याच घराला तिला बोलावणं धाडू व्हय? ... आणि माझं तोंड कुठं हाय, बोलवायला."

---

तिसऱ्या दिवशी सकाळी आधी नृसिंहवाडीला गेलो. पंचगंगा आणि कृष्णेचा संगम, दत्ताच्या पादुका. पावसाळ्यात नदी इतकी चढते की पाणी देवळात शिरतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडतं. त्या पाण्यात अंघोळीला लोक गर्दी करतात. पूर आला तरी त्याचा सोहळा करायचा, हे कृष्णाकाठच्या माणसांनाच जमतं. आईने कवठाची बर्फी घेतली. एक पुडा पुण्याला, एक आत्याला पाठवायला, आणि एक आणखी. तो कुणाला ते मी विचारलं नाही.

खिद्रापूरला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. तीन बाजूंनी कृष्णा, पलीकडे कर्नाटक, आणि मधे हे कोपेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ. बाहेरून हत्तींच्या पाठीवर तोललेलं. आत शिरायच्या आधी स्वर्गमंडप. अठ्ठेचाळीस खांब, आणि छताच्या मधोमध मोठं गोल मोकळं आकाश. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. त्या शिळेवर उभं राहून वर बघितलं की आपोआप बोलणं बंद होतं. लेकसुद्धा गप्प झाला, यावरून काय ते समजा. :)

या देवळात नंदी नाही. शंकराच्या देवळात नंदी नाही म्हणजे आश्चर्यच. तिथल्या एका काकांनी गोष्ट सांगितली, आणि आईने ती लहानपणी शंभर वेळा ऐकलेली होती. दक्षाने यज्ञ केला, सगळ्यांना बोलावलं, लेकीला आणि जावयाला नाही. सती तरीही निघाली, नंदीवर बसून. माहेरी तिचा अपमान झाला आणि तिने यज्ञात उडी घेतली. म्हणून नंदी इथे नाही, तो नदीपलीकडे यडूरला आहे. शंकर कोपला, तोच हा कोपेश्वर. त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघांच्याही पिंडी आहेत.

"न बोलावता गेली," आई म्हणाली. "तिथंच चुकलं तिचं."

आम्ही दोघी स्वर्गमंडपाच्या कडेला बसलो होतो. वरून उन्हाचा गोल तुकडा सरकत सरकत खांबाच्या पायाशी आला होता. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"आई, मी काल रात्री मामांना फोन केला होता."

तिने मान वळवली नाही.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, बोलवायला तोंड नाही."

ती गप्प बसली. मग मला जे बोलायचं होतं ते बोलायचा मी प्रयत्न केला. एसटीतलं, पिशवीचं. नीट जमलं नाही. तिने माझ्या हातावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं, आणि म्हणाली, "जाऊ दे. तू माझ्यासाठीच बोलत होतीस." आणि लगेच, "किती वाजले?"

"बारा."

"आत्ता कळवलं तर बरं. आयत्या वेळी तिघं माणसं म्हणजे वहिनीची धांदल."

तिने पर्समधून फोन काढला. चष्मा लावून नंबर शोधला. आणि मी आजवर तिच्या तोंडून हजार वेळा ऐकलेलं वाक्य त्या देवळात ऐकलं, "वहिनी, येतोय आम्ही. जेवायला नाही हं, फक्त चहा."

---

उसाच्या गाड्यांमागून रांगत रांगत पोचलो. मामी दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. मामा आत खुर्चीवर. उठले. म्हातारे झालेत. मंडपातल्या झगमगाटात ते कधी लक्षात आलं नव्हतं.

"आलीस व्हय."

"आले."

"बस की."

एवढंच. मग आईने मामीच्या हातात बर्फीचा तो तिसरा पुडा दिला.

कुणी रडलं नाही, कुणी माफी मागितली नाही. सिनेमा असता तर प्रेक्षकांनी पैसे परत मागितले असते. वांग्यांबद्दल बोलणं झालं, तोडणीला टोळी मिळत नाही त्याबद्दल झालं. लेकाने "आजोबा, तुम्ही मोटेच्या नाड्यावर बसायचात?" असं विचारल्यावर मामा पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "हिनं सांगितलं व्हय? बोंबलायची नुसती काठावरनं." मग त्यांनी त्याला भिंतीवरच्या पुराच्या खुणा दाखवल्या. २००५ ची रेघ, २०२१ ची रेघ. २०१९ ची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती.

"काय काय गेलं?" आईने विचारलं.

"धान्य गेलं. गाद्या गेल्या. कागदांची पेटी भिजली. समदे कागद गच्चीवर वाळत घातले, एकेक. वर दगड ठेवून." जरा थांबून ते म्हणाले, "तुझा बी त्यात."

आई म्हणाली, "वाचता येतो का?"

"शाई पसरलीया. पर येतो वाचाय."

"बरं," आई म्हणाली. आणि मामीने हाक मारली म्हणून दोघं जेवायला उठली.

फक्त चहाच्या त्या जेवणात भरलं वांगं, झुणका, दही, ज्वारीच्या भाकरी, आणि आयत्या वेळी कशी केली देव जाणे, पण पुरणपोळीही होती. दोन तासांचा नियम लेकानेच मोडला. तो मामांच्या मागे उसात गेला तो पाचला आला. निघताना मामीने आईची ओटी भरली. मामांनी गुळाची ढेप, पोतंभर वांगी आणि उसाच्या कांड्या डिकीत कोंबल्या. डिकी लागेना, तर हळदीची पिशवी आईने पायाशी घेतली.

मामा गाडीपाशी आले. खिडकीतून आत वाकून म्हणाले, "आक्का, त्या दिवशी..."

"काच वर कर गं, डास येतायत," आई मला म्हणाली. आणि मग भावाला, "संक्रांतीला येते. तेव्हा बोल."

---

हे सगळं ब्लॉगवर लिहू का, असं मी मामांना फोनवर विचारलं. म्हणाले, "लिव्ह की. समद्या गावाला ठाऊक हाय, त्यात काय झाकायचं." आईला विचारलं तर म्हणाली, पुरणपोळीचं नक्की लिही, वहिनीला बरं वाटेल. लिहिलंय, मामी.

सांगायचं म्हणजे, लेकाने पुण्याला आल्यावर आमच्या तहाचा हिशोब केला. चार ठिकाणं, चार घरं. फिट्टंफाट. पण पुढच्या वेळी त्याला गगनबावड्याकडून कोकणात उतरायचंय, आणि काल तो स्वतःहून आजीला विचारत होता की त्या बाजूला आपलं कोण कोण आहे.

आजी बोटं मोजायला लागली आहे. बोटं कमी पडतील अशी लक्षणं दिसतायत.

असो. वांगी अजून उरली आहेत. जवळपास राहणाऱ्यांनी पिशवी घेऊन यावं. जेवायला नाही हं, फक्त चहा.